रोजच्या लेन्स की महिन्याच्या?

पहिल्यांदाच कॉन्टॅक्ट लेन्स घेणाऱ्या माझ्या मैत्रिणीला रोज टाकून द्यायच्या लेन्स घ्याव्यात की महिनाभर चालणाऱ्या, हे ठरवता येत नव्हते. रोज वापरायच्या असतील तर महिन्याच्या लेन्स सहसा स्वस्त पडतात. मात्र त्यांची मुदत पाकीट उघडल्यापासून मोजली जाते, त्यामुळे आठवड्यातून एकदोनदाच लेन्स घालणाऱ्याचा तो फायदा उरत नाही.

माझ्या मते खरा फरक स्वच्छतेत आहे. महिन्याच्या लेन्सवर अश्रूंतील प्रथिने साचतात, लेन्स दररोज ताज्या सोल्यूशनने (लेन्स धुण्याच्या खास द्रवाने) चोळून धुवावी लागते, ती ठेवायची डबी साधारण ३ महिन्यांनी बदलावी लागते आणि नळाचे पाणी कधीही वापरता येत नाही, कारण त्यातील अकँथअमीबा हा सूक्ष्मजीव कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, गंभीर संसर्ग करू शकतो. रोजच्या लेन्समध्ये ही निगा टळते, पण धुऊन कोरडे केलेले हात दोन्हींसाठी आवश्यकच आहेत. डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसू लागले, तर कोणतीही लेन्स ताबडतोब काढून नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

ॲलर्जी असणाऱ्यांनी, अधूनमधून वापरणाऱ्यांनी आणि निगा राखण्याचा कंटाळा येणाऱ्यांनी रोजच्या लेन्स घ्याव्यात. नियमित वापर, काटेकोर शिस्त किंवा नेहमीपेक्षा वेगळा नंबर असेल, तर महिन्याच्या लेन्स योग्य ठरतात.