हस्क चिप्स की फुकटचा पाला: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरून झाल्यावर

आधी भांडणाचं सांगते, कारण हे लिहायला बसले ते त्याच्यामुळेच. कुंड्यांमधली माती झाकायला, म्हणजे आच्छादनाला, नारळाच्या काथ्याच्या हस्क चिप्सची (सालीच्या तुकड्यांची) दुसरी पिशवी मागवली, तर ती पहिलीच्या निम्मीच दिसली. वजन तेवढंच, आकार निम्मा. फोडून बघितलं तर तुकडे ओलेगच्च. मूठभर घेऊन दाबले तर बोटांच्या फटीतून पाणी ठिबकलं. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘मॅडम, वजन बरोबर आहे, काट्यावर बघून घ्या.’ काट्यावर बघितलं. बरोबर होतं. तीच तर तक्रार आहे!

आच्छादन ही जागा झाकायची वस्तू आहे, तिथे किलोचा काय संबंध? हिशेब सरळ आहे. १ चौरस मीटर वाफ्यावर ५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर ५० लिटर माल लागतो. ३० सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीला त्याच जाडीचा थर साधारण साडेतीन लिटरचा. आपल्याला लागतात लिटर आणि विकतात किलोवर, तेही अशी वस्तू, जी पाणी धरून ठेवते म्हणूनच आपण घेतो. सगळा माल गच्चीवर पसरून खडखडीत वाळवला आणि परत काट्यावर ठेवला, तर निम्म्याहून कमी भरला. म्हणजे अर्ध्याहून जास्त पैसे पाण्याचे गेले, आणि पाणी माझ्या नळालाही येतं. हेही कळवलं. त्यावर पुढच्या ऑर्डरवर सवलतीचं कूपन मिळालं. म्हणजे आणखी पाणी घ्या, जरा स्वस्तात.

एवढं झाल्यावरही चिप्सला सरसकट वाईट म्हणणार नाही. उन्हाळ्यात त्यांनी खरोखर काम केलं.

उघडी माती वरून तापते, ओल वर खेचली जाते आणि उडून जाते. खालून वर येणाऱ्या ओलीची ती साखळी आच्छादनाने तुटते. मातीवर ऊन पडत नाही, वारा लागत नाही. भर उन्हाळ्यात ज्या कुंड्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी लागायचं, त्यांना एकदाच पुरायला लागलं. काही कुंड्यांना तर एक दिवस सोडूनही चाललं. पण काळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या आणि ग्रो बॅग बाजूने तापतात, त्यावर वरच्या थराचा काही उपाय नाही. तिथे कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवणं किंवा उन्हाच्या बाजूला काहीतरी आडोसा करणं हेच खरं.

मला सगळ्यात आवडलेला फायदा टोमॅटोचा. दरवर्षी पहिल्या फळांचा खालचा भाग काळा पडून बसायचा. लोक त्यावर अंड्याच्या टरफलांची पूड घाला म्हणतात, कारण हा कॅल्शियमच्या कमतरतेचा रोग आहे. कमतरता खरी, पण बहुतेक वेळा ती फळात असते, मातीत नसते. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं. कुंडी एकदा कोरडीठाक, एकदा चिंब असं चाललं की ते फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. आच्छादनानंतर ओल एकसारखी राहिली आणि काळी पडणारी फळं जवळपास थांबली. टरफलं तीच, खत तेच. शिवाय पाण्याच्या माऱ्याने माती खालच्या पानांवर उडायची ती थांबली. करप्यासारखे रोग मातीतून पानांवर चढतात ते बरेचसे या शिंतोड्यांमधून. खालची पानं या वेळी बऱ्याच उशिरापर्यंत हिरवी होती.

चिप्स वापरण्याआधी धुवून घ्या, हे पिशवीवर लिहिलेलं नसतं. बादलीत रात्रभर भिजवल्यावर पाणी कोऱ्या चहासारखं होतं. तो रंग टॅनिनचा, झाडाला त्याचा त्रास नाही, फरशीला मात्र आहे; डाग लवकर जात नाहीत. खरी अडचण न दिसणाऱ्या क्षारांची. काथ्यात पोटॅशियम आणि सोडियम असतं, आणि साल खाऱ्या पाण्यात कुजवलेली असेल तर सोडियम आणखी जास्त. पाणी फिकट येईपर्यंत भिजवून ओतून द्यायचं. वरच्या थरापुरते वापरताना थोडं कमी-जास्त चालतं. मातीत मिसळणार असाल तर अजिबात चालढकल नको, कारण काथ्या मातीतलं कॅल्शियम-मॅग्नेशियम स्वतःकडे धरतो आणि सोडियम-पोटॅशियम सोडून देतो. (ओलागच्च विकलेल्या मालातलं पाणी कुठलं होतं, हा प्रश्न मी विक्रेत्याला विचारला होता. त्याचं उत्तर आलं नाही. कूपन मात्र परत आलं.)

इथपर्यंत वाचून चिप्सला पाचपैकी चार द्यावेत असं वाटेल. मलाही उन्हाळा संपेपर्यंत तसंच वाटत होतं.

मग पाऊस आला, आणि चिप्स तरंगल्या. पहिल्याच मोठ्या सरीत कुंड्यांमध्ये काठोकाठ पाणी साचलं, तुकडे वर आले आणि काठावरून खाली. तिथून वाहत थेट गच्चीच्या पन्हाळीच्या जाळीवर. जाळी बंद, गच्चीवर घोटाभर पाणी, आणि मी छत्री धरून हाताने चिप्स उपसतेय. विकत घेतलेला माल गटारात जाताना बघायला फार त्रास होतो. त्याच पावसात शेजारच्या कुंड्यांमधला सुका पाला भिजला आणि गपगार खाली बसला. एक पान हललं नाही. ज्या कुंड्यांना काठाखाली चांगली तीन-चार बोटं जागा सोडलेली होती, त्यांच्यातल्या चिप्स टिकल्या. काठोकाठ माती भरलेल्या कुंडीत चिप्स घालू नका, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

पाल्याच्या कुंड्या मुळात पिशवी पुरली नाही म्हणून केल्या होत्या. किलोचा प्रताप. सोसायटीत झाडलोट होऊन पोत्यांनी पाला बाहेर जातो, त्यातलं एक पोतं मागून आणलं. जाड, मोठी पानं तशीच टाकली तर ती कौलांसारखी एकावर एक बसतात आणि पाणी वरच्या वर घसरून जातं. म्हणून चुरा करायचा. पोत्यात भरून, तोंड बांधून, त्यावर उभं राहून तुडवायचं; कडकडीत वाळलेला पाला असेल तर चुरा लगेच होतो. लहान पानं तशीच चालतात.

पाला पावसाळा संपता संपता जवळपास नाहीसा झाला. थर उचलून बघितला तर खालची पानं जाळीदार झालेली, शिरा तेवढ्या उरलेल्या, आणि त्याखाली माती काळी, भुसभुशीत, बोटाने सहज उकरता येईल अशी. गांडुळं मी सोडलेली नव्हती, ती होती. चिप्सखालची माती ओली होती, पण बदललेली नव्हती. काथ्यात लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) भरपूर, म्हणून काथ्या सावकाश कुजतो. चिप्स टिकतात हा त्यांचा गुण म्हणून सांगतात. झाकण्यापुरतं बघितलं तर गुणच. पण माती सुधारायची असेल तर जे कुजत नाही ते मातीला काही देतही नाही. पाला संपतो म्हणून पुन्हा घालावा लागतो, आणि फुकटच्या वस्तूबद्दल ही तक्रार मी करणार नाही.

पाल्याचे गुण मात्र गोगलगायींनी कापले. पावसात त्या थराखाली दिवसभर आरामात बसतात आणि रात्री कोवळी रोपं खातात. पालकाची रोपं उगवली तशी गेली. तेव्हापासून रोपं हातभर होईपर्यंत त्यांच्याजवळ पाला नाही, आणि पेरलेल्या कुंडीवर तर काहीच नाही, बारीक बी थराखालून वर येत नाही. चिप्सच्या कुंड्यांमध्येही गोगलगायी होत्या, पण कमी.

पिवळा फेसही पाल्यात आणि चिप्समध्ये दोन्हीकडे आला. सकाळी बघावं तर थरावर कुणीतरी ओकून ठेवल्यासारखा पिवळाधमक गोळा. त्याला फ्युलिगो सेप्टिका म्हणतात. ती बुरशीही नव्हे, स्लाइम मोल्ड नावाचा वेगळाच प्रकार आहे, आणि तो झाडाला काही करत नाही. दोन-चार दिवसांत वाळून तपकिरी पूड होते. बघवत नसेल तर खुरप्याने उचलून टाका. औषध मारायची गरज नाही. चिप्सच्या खालच्या बाजूला पांढरे तंतू दिसतात तेही कुजण्याचंच काम करतात. फक्त थर फार दिवस कोरडा राहिला आणि या तंतूंची जाळी घट्ट झाली तर पाणी आत शिरत नाही, तेव्हा अधूनमधून हाताने मोकळा करायचा.

बाकीचे प्रकार थोडक्यात. सुताराकडचा भुसा फुकट मिळतो, पण प्लायवूड-एमडीएफचा असेल तर त्यात डिंक-रसायनं असतात, तो नकोच. साध्या लाकडाचा भुसा वर पसरला तर चालतो, मातीत कालवला तर नाही. भुशात नत्राच्या कित्येक शे पट कर्ब असतो. तो कुजवणारे जीव लागणारं नत्र मातीतून ओढतात आणि झाड उपाशी राहतं. शेजारच्या काकूंच्या मिरच्या अशाच पिवळ्या पडल्या. नुसता वर राहिला तर ही ओढाताण फक्त मातीच्या पृष्ठभागापुरती होते. लॉनचं ताजं कापलेलं गवत जाड घातलं की तापतं, चिकट होतं आणि वास मारतं. वाळवून, पातळ थर द्या. रंगीत लाकडी तुकडे आणि पांढरे गोटे हा शोभेचा मामला आहे, त्यावर मी पैसे घालणार नाही. प्लॅस्टिकचा चंदेरी-काळा कागद शेतात ठीक, घरच्या वाफ्यात वर्षभराने त्याच्या चिंध्या वेचत बसावं लागतं.

जमिनीतल्या वाफ्याला तणाचा फायदा मोठा झाला, पण अर्धाच. बियांपासून उगवणारं तण उजेड न मिळाल्याने येत नाही. लव्हाळा मात्र येतो. त्याचा कोंब प्लॅस्टिकच्या कागदालाही भोक पाडून वर येतो, तिथे पाल्याची काय कथा. हरळीसाठी खाली पुठ्ठा ओला करून, कडा एकमेकांवर चढवून अंथरला आणि वर पाला घातला, त्याने बरीच दबली. पुठ्ठ्यावरच्या चिकटपट्ट्या आधी काढा, त्या कुजत नाहीत.

पण या सगळ्यापेक्षा त्रासाची गोष्ट वेगळीच आहे, आणि ती कुठल्याच पिशवीचा दोष नाही. आच्छादन घातल्यावर माती दिसत नाही. आपली पाणी घालायची सवय डोळ्यांची असते: माती फिकी दिसली की पाणी. आता वरच्या चिप्स दोन तासांत फिक्या पडतात आणि खाली चिखल असतो. मी थर बाजूला करून पेरभर बोट खुपसून बघते. घरातले बाकीचे बघत नाहीत. ‘सुकलेलं दिसलं म्हणून घातलं’ या एका वाक्यावर आमच्याकडे जेडचं झाड गेलं. जेड, कोरफड, निवडुंग यांना असला थर मुळात नकोच, त्यांना कोरडं व्हायला आवडतं.

उलट बाजूही आहे. वरवर शिंपडलेलं पाणी थरच पिऊन टाकतो आणि उडवून देतो, मुळांपर्यंत थेंब जात नाही. म्हणून पाणी कमी वेळा, पण घातलं की खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. ठिबकची नळी असेल तर ती थराच्या खाली. आणि खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी, कायम. खोडाला टेकून ढीग केला की साल ओली राहून कुजते. गुलाबाला हे आधी कळतं, आपल्याला उशिरा.

सध्याची विभागणी अशी. गुलाब, मोगरा, कढीपत्ता यांच्या मोठ्या कुंड्यांना चिप्स, काठाखाली जागा सोडून. टोमॅटो, मिरची, वांगी यांना पाल्याचा चुरा. पावसात कोवळ्या रोपांना काही नाही. चिप्सला पाचपैकी तीन, पाल्याला चार, विक्रेत्याला शून्य. पिशवी घ्यायचीच असेल तर जिच्यावर लिटर छापलेत ती घ्या, आणि दुकानात जाऊन घेत असाल तर उचलून बघा. जी हलकी ती चांगली.

पाला हवा तेव्हा मिळत नाही, पानगळीतच साठवावा लागतो. मी तीन पोती भरून जिन्याखाली ठेवली आहेत, भिंतीपासून जरा लांब आणि विटांवर, वाळवीसाठी. तोंडं घट्ट बांधायची. चौथं उघडं राहिलं होतं, त्यात मांजर व्यायली आहे, त्यामुळे ते पोतं सध्या वापरात नाही.