माळढोक की गिधाड? पाच हजार कुठे द्यायचे

बोनसमधले पाच हजार पक्ष्यांसाठी काढलेत, माळढोकला देऊ की गिधाडांना, असं मावसभावाने विचारलं आणि मी फोनवर अर्धा तास जे बडबडलो तेच इथे टाकतोय.

माळढोकसाठी जीव तुटतोच. आपल्या सोलापूरच्या नान्नजचा पक्षी, १९७९चं अभयारण्य, आणि आता तिथे एखादा दिसला तरी पेपरात बातमी येते. उरलेत ते बहुतेक जैसलमेरकडे, आणि तिथलं काम मुख्यतः सरकारी पैशावर चालतं. २०१६ला कॅम्पातून (जंगल तोडल्याच्या भरपाईचा सरकारी निधी) ३३ कोटी ८५ लाख मंजूर झाले, २०१९पासून माळावरची अंडी उचलून ब्रीडिंग सेंटरमध्ये उबवतात, ऑक्टोबर २०२४ला तर कृत्रिम रेतनातून पिल्लू झालं. भारी काम आहे, वादच नाही. पण बाहेर त्याचा जीव घेतात विजेच्या तारा, पंधरा किलोपर्यंतचं धूड, त्यात समोरचं कमी दिसतं, तार दिसेपर्यंत वळायला वेळच उरत नाही. तारा जमिनीखाली घ्या असा सुप्रीम कोर्टाचा आदेश २०२१चा, २०२४ला तोही सैल झाला. तिथे तुझे पाच हजार काय करणार सांग.

गिधाडांचं गणित वेगळं आहे. डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचं औषध टोचलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांच्या किडन्या जातात, पांढऱ्या पाठीची गिधाडं अशीच ९९ टक्क्यांवर संपली. २००६ला ते जनावरांसाठी बंद झालं, २०२३ला अॅसिक्लोफेनॅक आणि किटोप्रोफेनपण. त्यांच्याऐवजी मेलॉक्सिकॅम चालतं, पण हे गोठ्यागोठ्यात जाऊन कोणीतरी सांगायला लागतं ना! आणि दुसरं म्हणजे खाणं. रायगडात म्हसळ्याजवळचं चिरगाव आणि फणसाड, तिकडे गडचिरोली, इथे गिधाडांना मेलेली जनावरं घालायचं काम झालंय. म्हैस मेली की टेम्पो, चार माणसं, डिझेल, शेतकऱ्याच्या हातावर काहीतरी, नाहीतर तो पुरून मोकळा, आणि शेवटचं कुठलं इंजेक्शन दिलं होतं ते आधी विचारायचं. हा खर्च हजारांतला, कोटींतला नाही. म्हणून माझं मत गिधाडांना.

वनपिंगळा हवा असेल तर (छोटं घुबड, १८८४नंतर गायब, १९९७ला शहाद्याजवळ सापडला तो) सर्व्हे करणाऱ्यांना दे, पण रिझल्ट लगेच मागू नकोस.

कोणालाही दे, आधी मागच्या वर्षीचा खर्च कशावर झाला ते विचार. मी एकांना न विचारता दिले, बदल्यात गुळगुळीत कागदाचं कॅलेंडर आलं, बारा महिने बारा वाघ. देणगीवरची टॅक्स सूट जुन्या टॅक्स रेजीममध्येच मिळते आणि दोन हजारांवर कॅश दिलीस तर तीपण नाही, तेव्हा यूपीआयने दे.

न्यू जर्सीची ताई पैसे घालणार असेल तर बघ, तिने तिकडची सिटिझनशिप घेतलीय, म्हणजे ओसीआय (मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड) असलं तरी तिचा पैसा फॉरेन धरतात, संस्थेकडे एफसीआरए (परदेशी पैसा घ्यायची सरकारी परवानगी) नसेल तर त्यांना घेताच येत नाही. भावजींचा पासपोर्ट अजून भारतीय आहे, ते स्वतःच्या कमाईतले बँकेतून खुशाल पाठवू शकतात.