पॉक्सोचं अपील आणि इंदूरची मोफत विधिक सेवा

खर्चाच्या बाबतीत या सेवेला पैकीच्या पैकी गुण. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, म्हणजे पॉक्सो कायद्याच्या खटल्यात पीडित पक्षाला मध्य प्रदेश हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठात अपिलासाठी वकील फुकट मिळतो, आणि १९८७ च्या विधिक सेवा प्राधिकरण कायद्यातल्या कलम १२ प्रमाणे बाई किंवा मूल असेल तर उत्पन्नाची अटच नाही. तेव्हा दाखल्यासाठी तहसिलीत खेटे घालू नका. १५१०० वर फोन करा, नाहीतर जिल्हा न्यायालयातल्या विधिक सेवा कार्यालयात अर्ज द्या. नेमलेल्या वकिलाला वर काही द्यायचं नसतं.

अपेक्षाभंग होतो तो वेगळ्याच ठिकाणी. आरोपी सुटला, हलक्या कलमात शिक्षा झाली किंवा भरपाई अपुरी वाटली, तर बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम ४१३ खाली पीडित पक्ष स्वतः अपील करू शकतो. ‘दहाच वर्षं दिली, वीस हवी होती’ एवढ्यासाठी मात्र नाही. तो अधिकार कलम ४१८ ने सरकारला दिलाय; सरकारी वकिलाकडे लेखी मागणी करायची, बस. त्याआधी गुन्ह्याची तारीख बघा. पॉक्सोच्या कलम ६ ची (गंभीर स्वरूपाच्या लैंगिक अत्याचाराची) किमान शिक्षा दहावरून वीस वर्षं झाली ती १६ ऑगस्ट २०१९ पासून. त्याआधीच्या गुन्ह्याला जुनंच माप लागतं.

निकालाच्या दिवशीच प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. नकल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, अर्ज न करता घालवलेले होत नाहीत. शिक्षा झालेल्याला हायकोर्टात अपिलासाठी ६० दिवस असतात. आपली फाइलही तेवढ्यात तयार हवी. तीत साक्षींच्या नकला आणि वयाचा पुरावा हवाच, कारण अपिलात बचावाचा पहिला हल्ला बहुधा वयावर असतो. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र (स्कॉलर रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या प्रवेशवहीतली, नोंद ताडून पाहा), ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. शाळेतली तारीख कशावरून लिहिली हे सांगणारा साक्षीदार नसला की पुरावा लंगडा पडतो.

अर्जात मुलीचं नाव नको. बापाचं नाव आणि मोहल्लाही उघड लिहू नका, त्यावरून ओळख पटतेच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपिलासाठी पीडितेने ओळख उघड करण्याची गरज नाही.

वकील लवकर हवा तो शिक्षा स्थगितीच्या (अपील चालू असताना शिक्षा थांबवून आरोपीला सोडण्याच्या) पेशीसाठी. अपील वर्षानुवर्षं चालू शकतं, स्थगितीचा अर्ज मात्र सुरुवातीलाच येतो. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेस पात्र असा गुन्हा असेल तर सरकारी वकिलाला हरकतीची संधी द्यावीच लागते. तुमचा वकालतनामा त्याआधी लागलेला असू द्या.