टायर पेस्टच्या सहा बादल्या आणि माझे 10,210 रुपये

नागपुरात मानेवाडा रिंग रोडला 17 वर्षं माझं टू-व्हीलर टायरचं दुकान आहे. तरी फसलो. लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

मे महिन्यात टेम्पो घेऊन एक जण आला. उघड्या बादलीतली पांढरी पेस्ट त्यानं माझ्याच समोर बीडला, म्हणजे टायरच्या रिमवर बसणाऱ्या कडेला, लावली. टायर रिमवर सहज चढला, हवा भरताच फट्ट आवाज होऊन बीड बसली. 900 प्रमाणे 6 सीलबंद बादल्या घेतल्या, 5,400 रुपये यूपीआयनं दिले. "बिल व्हॉट्सॲपवर टाकतो ना भाऊ!" ते आजपर्यंत आलं नाही. बिल हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका.

तो जायच्या आधी मी एक बादली उघडली होती. माल पातळ, रॉकेलचा वास. हात नळाखाली धरला तर पाणी थेंब थेंब होऊन ओघळलं, पेस्ट बोटांवर तशीच. खरी पेस्ट साबणाची असते, पाण्यानं धुतली जाते. मला हे माहीत आहे! "उन्हानं पातळ झालंय," तो म्हणाला, आणि मी मान डोलावली. बाहेर 45 डिग्री, दारात चार गाड्या उभ्या. कोणाचंही लक्ष उडालं असतं. पण हात तर माझाच होता.

चांगली पेस्ट सुकून टायर रिमला धरून ठेवते. हे तेल सुकलंच नाही. ब्रेक मारला की टायर रिमवर सरकायचा, ट्यूब ओढली जायची, व्हॉल्व्ह तिरका होऊन मुळाशी फाटायचा. 7 ट्यूब 380 प्रमाणे भरून दिल्या, 2,660. एका गिऱ्हाइकाचा टायर हवा गेल्यावर चालून कापला गेला, ते 2,150. तेलानं रबर फुगतं ते वेगळंच. ग्रीस, डिझेल बीडला कधीच लावू नका.

पोलीस ठाण्यात म्हणे, "माल तर मिळाला ना? मग फसवणूक कसली?" दुसऱ्या दिवशी साहेब नाहीत. तिसऱ्या दिवशी अर्ज पुन्हा लिहा. दुसऱ्या एका कचेरीत सांगितलं, धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही. अहो, 2019 च्या ग्राहक कायद्यात स्वतः राबून पोट भरणाऱ्याला सूट दिलेली आहे! ते वाचून दाखवलं तर खिडकी बंद. चार दिवस दुकानाला कुलूप लावून फिरलो, हातात पोचपावतीसुद्धा नाही. अर्ज दिला की शिक्का मागून घ्या.

कामठी रोडच्या दोघा टायरवाल्यांकडेही याच बादल्या आहेत. लोक हसतील म्हणून ते बोलत नाहीत. माझ्या उरलेल्या चार मी पुराव्याला ठेवल्या आहेत.