मुलीची पहिली गाडी: जुनी सेडान की जुनी हॅचबॅक?

मुलगी 18 ची झाली, बांभोरीच्या कॉलेजात ॲडमिशन झालं. एरंडोलपासून वीस-पंचवीस किलोमीटर. एरवी एसटी आहेच, पण प्रॅक्टिकलच्या दिवशी सुटायला सहा वाजतात आणि हिवाळ्यात तोवर अंधार पडतो. रस्ता सगळा सुरत-नागपूर हायवे, रात्रंदिवस ट्रकांचा. त्या रस्त्याला तिला स्कूटीवर पाठवायला माझं मन धजेना. तीन लाखांच्या आत जुनी गाडी घ्यायची ठरली आणि दोन महिने मी जळगाव, धुळे, अमळनेर पालथं घातलं.

ज्यांचं पोरगं अजून 17 चं आहे त्यांनी थांबावं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते, आणि पोराला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आधी हॅचबॅक, म्हणजे मागे वेगळी डिकी बाहेर न आलेली छोटी गाडी. अल्टो, वॅगनआर गल्लीत कुठेही लागतात, त्यांचे पार्ट तालुक्याच्या गावी मिळतात. 1000 सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा 2022 च्या दराने 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416. मुलगी गावातल्या गावात, क्लासपुरती गाडी चालवणार असेल तर हॅचबॅकच घ्या, उगाच सेडानच्या मागे लागू नका. पण आमचा रस्ता हायवेचा. जुनी अल्टो भरते जेमतेम 700 किलो, मी पाहिलेल्या सेडान (मारुतीची डिझायर, होंडाची अमेझ, टोयोटाची इटिओस) 900 च्या आसपास किंवा पुढे. शेजारून भरलेला ट्रक गेला की हलकी गाडी कशी हलते, ते स्टिअरिंग हातात असलेल्यालाच कळतं. शिवाय आमच्या घरी दुसरी चारचाकी नाही. आईला जळगावला दवाखान्यात न्यायचं, लग्नाला पाच माणसं आणि बॅगा न्यायच्या, हेही त्याच गाडीने व्हायचं होतं.

म्हणून सेडान. मात्र नुसती डिकी लागली म्हणून गाडी सुरक्षित होत नाही, हे मला दोन-तीन गाड्या पाहिल्यावर उमगलं. 2013-14 च्या डिझायरमध्ये एअरबॅग फक्त वरच्या मॉडेलला यायच्या. 2017 ला नवीन डिझायर आली तेव्हापासून सगळ्या मॉडेलांना दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे, अमेझमध्ये 2018 च्या नव्या पिढीपासून. टोयोटाच्या इटिओसला 2016 च्या प्लॅटिनमपासून दोन्ही सरसकट मिळालं. ‘डिझायर घ्यायची का?’ एवढंच विचारू नका, कुठल्या सालची आणि कुठलं मॉडेल ते विचारा.

तिघींत डिझायर विकायला सगळ्यात सोपी, म्हणून जुनीही महाग. 2012 ची डिझायर चार मीटरच्या आत बसवायला कापली, कर वाचला, पण डिकी 440 लिटरवरून 316 वर आली. अमेझची डिकी 400 ते 420, शहरात हलकी चालते. इटिओसची जवळपास 590, मागच्या सीटवर आई पाय पसरून बसते. डॅशबोर्डच्या मधोमध असलेला मीटर मुलीला आवडला नाही, मला त्याचं काही वाटलं नाही. इटिओसची खरी भानगड वेगळी: पुष्कळ गाड्या टॅक्सीत पळालेल्या आहेत. आरसीवर आधी कमर्शियल नोंद होती का, हे बघितल्याशिवाय बयाणा देऊ नका. होंडा सिटीचा विचार मी लगेच सोडला. 117 हॉर्सपॉवरची गाडी 18 वर्षांच्या नव्या हाताला नको.

डिझेलचा मोह सगळ्यांना होतो. आमचं गणित असं: आठवड्यातून दोन-तीन दिवस, महिन्याला 500 किलोमीटर. पेट्रोल गाडीने 15 आणि डिझेलने 19 चं ॲव्हरेज दिलं तरी फरक महिन्याला हजारेक रुपये. जुन्या डिझेलचा टर्बो किंवा इंजेक्टर एकदा निघाला की वर्षा-दोन वर्षांची ती बचत एका फटक्यात जाते. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर असेल तर डिझेल परवडेल. दिल्लीची डिझेल गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे 10 वर्षांपुढच्या डिझेलवर निर्बंध आले. इकडे आणली की तिथल्या आरटीओची एनओसी, पुन्हा कर, पुन्हा नंबर. गुजरातच्या जीजे पासिंगलाही एनओसी आणि कर चुकत नाही.

आमचे मिस्तरी एकच सांगत राहिले, ‘‘गाडी वरतून नको दखू, खालतून दख.’’ धुळ्याला एक पांढरी गाडी आम्हाला फार आवडली होती. मिस्तरींनी ड्रायव्हरचा सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत ओढला. वरचा पट्टा स्वच्छ, रोज गुंडाळलेला राहतो तो भाग पिवळट, कडेला वाळलेल्या गाळाची रेघ. गाडी पाण्यात बुडालेली होती. विकणारा शेवटपर्यंत ‘घरची गाडी आहे’ म्हणत होता. दुसऱ्या एका गाडीत चावी फिरवली तर एअरबॅगचा लाल दिवा लागलाच नाही. तो चावी फिरवल्यावर लागून विझायला हवा. लागतच नाही म्हणजे तो बिघडलाय किंवा कोणीतरी बंद केलाय.

टायरवरचे चार आकडे वाचा. 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी कितीही दिसो, मे महिन्यात आपल्याकडच्या 45 अंशांत तापलेल्या डांबरावर म्हातारा टायर फुटतो. एसी लावून वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा, तापमानाचा काटा चढतो का ते बघा. ही परीक्षा दुपारी एक वाजताच घ्या, सकाळी नाही.

शेवटी आम्ही 2017 ची पेट्रोल इटिओस घेतली, एमएच 19 म्हणजे जळगाव पासिंग, एकच मालक, टॅक्सीची नोंद नाही. फॉर्म 29 आणि 30 वर त्याच दिवशी सह्या घेतल्या आणि विमा 14 दिवसांच्या आत मुलीच्या नावावर केला. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, गाडीसोबत येत नाही, म्हणून हप्ता थोडा वाढला. वेगळे ठेवलेल्या पन्नास हजारांतून चारही टायर, बॅटरी आणि कूलंट बदललं. सध्या ती रोज संध्याकाळी धरणगाव रोडला जाऊन येते, शेजारी मी बसतो. हायवेला अजून लावलेली नाही.