बासिलिका वगळून जुने गोवे: चार तासांच्या पायी फेरीविषयी

जुने गोवे पाहिले असे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बॉम जेझूस बासिलिका आणि रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल एवढेच पाहिलेले असते. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीचे दर्शन तासाभरात उरकले की गाडी मंगेशीच्या वाटेला लागते. मीही पूर्वी दोनदा तसेच केले होते. म्हणूनच या दोन्ही वास्तू मुद्दाम वगळून उरलेले शहर दाखवणारी, एका स्थानिक वाटाड्याची चार तासांची पायी फेरी गेल्या डिसेंबरात निवडली. आम्ही आठजण होतो आणि बोलणे मराठीत, अधूनमधून कोकणीत चालले होते.

फेरीची सुरुवात दिवाडी बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटीच्या धक्क्यावर होते, आणि ही निवड मला सर्वांत आवडली. बंदराच्या गावात नदीच्या बाजूनेच शिरायला हवे; लिस्बनहून महिनोन्‌महिने समुद्र तुडवून आलेल्या माणसाला हे शहर प्रथम इथूनच दिसत असे. नवा व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगीज राजाचा प्रतिनिधी, ज्या कमानीखालून शहरात प्रवेश करी ती समोरच उभी आहे. वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा स्वतः व्हाइसरॉय असताना त्याने ती उभारली आणि तिच्यावर पणजोबांचा पुतळा बसवला. आज दिसते ती कमान मात्र १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली आहे, हे वाटाड्याने न लपवता सांगितले. थोडे पुढे आदिलशाही वाड्याचे दार आहे. वाडा गेला, काळ्या दगडाची चौकट तेवढी उरली. बाजूच्या सेंट कॅजेटनच्या चर्चला घुमट आहे आणि त्याची घडण रोमच्या सेंट पीटर्सवर बेतलेली आहे. इथे आम्हाला जेमतेम दहा मिनिटे मिळाली, ती फारच कमी होती.

सेंट कॅथरिनचे चॅपेल लहानसे आहे, पण शहराचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने शहर घेतले. ज्या वेशीतून तो आत शिरला ती इथे होती, असे सांगणारा शिलालेख गव्हर्नर जॉर्ज काब्रालने १५५० मध्ये बसवला. जेत्याने लिहिलेला मजकूर म्हणूनच तो वाचावा, हे वाटाड्याचे म्हणणे मला पटले.

त्यानंतर होली हिलचा चढ लागतो आणि फेरी खऱ्या अर्थाने रंगते. सेंट ऑगस्टिनच्या चर्चचा एकच बुरूज, तोही अर्धवट, आज ४६ मीटर उंच उभा आहे. चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना हद्दपार केले, वास्तूला वाली उरला नाही आणि १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. दर्शनी भिंत आणि बुरुजाचा अर्धा भाग १९३१ मध्ये पडला. जांभ्याचे बांधकाम चुन्याच्या गिलाव्याशिवाय कोकणातला पाऊस सोसत नाही. गिलावा एकदा सुटला की पाणी दगडात मुरते आणि भिंत आतून भुगा होऊ लागते. हे समजावताना वाटाड्याने पडक्या भिंतीवर नुसते बोट फिरवले आणि तांबडी पूड हातावर घेऊन दाखवली. (खरे तर संरक्षित भिंतीला हात लावू नये, पण दाखला लक्षात राहिला.) या बुरुजातली घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते.

जॉर्जियाची राणी केतेवान हिची हकिकत इथेच सांगतात. १६२४ मध्ये शिराझ येथे धर्म बदलण्यास नकार दिल्यामुळे तिला ठार मारण्यात आले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिच्या अस्थी पुढे गोव्यात आणल्या. २००४ च्या उत्खननात सापडलेल्या हाडाची जनुकीय तपासणी हैदराबादच्या प्रयोगशाळेने केली आणि २०२१ मध्ये तो अवशेष भारत सरकारने जॉर्जियाला दिला. एवढी मोठी गोष्ट ऐकायला त्या सकाळी आमच्याखेरीज तिथे कोणीही नव्हते.

टेकडीच्या टोकाला असलेले अवर लेडी ऑफ द रोझरीचे चर्च हा माझ्या मते फेरीचा कळस आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेली ही वास्तू बुटकी, जाड भिंतींची आणि किल्ल्यासारखी दिसते; गोल बुरुजांभोवती दगडात कोरलेला जहाजाचा दोर गुंडाळलेला आहे. आत गव्हर्नर गार्सिया द सा याची पत्नी कातारिना हिचे थडगे असून त्यावरचे नाजूक नक्षीकाम थेट गुजराती कारागिरीच्या वळणाचे आहे. पोर्तुगीज बाईच्या थडग्यावर ती वेलबुट्टी पाहताना या बंदरात कोणकोण काम करत होते, याचा अंदाज येतो.

आता तक्रारी. १५६० ते १८१२ या काळातले, मध्ये चार-पाच वर्षे थांबलेले इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाबद्दल शिक्षा देणारे चर्चचे न्यायालय, वाटाड्याने दोन वाक्यांत उरकले. इतरत्र इतक्या मोकळेपणाने बोलणाऱ्याने इथे आखडता हात घ्यायला नको होता. मराठ्यांचा विषय तर मलाच काढावा लागला. २४ नोव्हेंबर १६८३ च्या रात्री संभाजी महाराजांच्या फौजेने शहराजवळच्या जुवे बेटावरचा किल्ला घेतला, आणि हादरलेल्या व्हाइसरॉयने आपला राजदंड झेवियरच्या शवापाशी नेऊन ठेवला. मराठी मंडळींना शहर दाखवताना ही घटना सुटते कशी?

शेवटचा टप्पा माउंटच्या चर्चचा. तिथे गाडीने नेतात, पण उरलेल्या पायऱ्या भर दुपारी चढाव्या लागतात. वरून झाडीत बुडालेले घुमट, मांडवी आणि दिवाडी असा सगळा पट एका नजरेत येतो. गट छोटा असेल तर क्रम उलटा करून सकाळी आधी इथे नेण्याची विनंती करावी. आमच्या वाटाड्याने पुढच्या खेपेस तसे करण्याचे कबूल केले आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी होली हिलपर्यंतच यावे, आणि पाण्याची बाटली धक्क्यावरच विकत घ्यावी, कारण वर टेकडीवर आम्हाला ती कुठेच मिळाली नाही.