नायसरचा मोफत डेटा: कोकणातल्या कॉलेजांना कितपत उपयोगी?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळाभर दुर्बीण गुंडाळूनच ठेवावी लागते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला अशा वेळी नासाच्या हेसार्क संग्रहासारखी सोय नाही. क्ष-किरण मुळात जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, ते अंतराळातूनच टिपावे लागतात, त्यामुळे ढगांचा प्रश्न उरत नाही. अंतराळ स्थानकावरच्या नायसर या क्ष-किरण दुर्बिणीने २०१७पासून जमवलेला डेटा इथे फुकट मिळतो.

हात बसवायला क्रॅब स्पंदक घ्या. स्पंदक म्हणजे गरगर फिरणारा, ठराविक वेळाने चमक देणारा न्यूट्रॉन तारा. त्याचे सेकंदाला दहा हजारांच्या आसपास फोटॉन (प्रकाशकण) येतात, त्यामुळे पाच मिनिटांच्या निरीक्षणातही ३३ मिलिसेकंदांचा स्पंद लख्ख उमटतो. लांब निरीक्षणाची फाइल अवाढव्य असते. लाइट गेली की डाउनलोड अर्ध्यात तुटतं, म्हणून 'डब्ल्यूगेट' या डाउनलोडच्या आज्ञेला 'सी' हा पर्याय जोडा, उरलेलंच उतरेल. निरीक्षण शक्यतो २२ मे २०२३च्या आधीचं असावं. त्यानंतर दुर्बिणीत सूर्यप्रकाश झिरपू लागला. जानेवारी २०२५मध्ये अंतराळवीराने बाहेर जाऊन ठिगळं लावली, पण मधल्या काळातल्या दिवसाच्या डेटात गोंगाट फार आहे.

लिनक्सवर हेसॉफ्ट (विश्लेषणाचं सॉफ्टवेअर) आणि कॅलडीबी (दुर्बिणीच्या अंशांकनाच्या फाइल्स) बसवल्यावर 'नायसरएल२' ही डेटा स्वच्छ करणारी आज्ञा पहिल्याच फेरीत अडली, तर बहुधा भूचुंबकीय फाइल्स नसतात. 'निजिओडाउन' या आज्ञेने त्या उतरवून फोल्डरचा पत्ता 'जिओमॅग_पाथ' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये द्या.

खरी गोची 'बॅरीकॉर' या वेळ दुरुस्त करणाऱ्या आज्ञेत होते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे फोटॉनची वेळ कित्येक मिनिटांनी मागेपुढे होते. ती सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर आणताना ग्रहस्थितीचा तक्ता चुकला की स्पंदाचा हिशोब बिघडतो. इंग्लंडमधल्या जॉड्रेल बँक वेधशाळेची क्रॅबच्या स्पंदांची मासिक सारणी डीई२०० या ग्रहस्थितीच्या तक्त्यावर बेतलेली आहे. ती वापरायची तर 'बॅरीकॉर'ला एफके५ ही निर्देशचौकट सांगा, म्हणजे डीई२०० वापरला जातो. आयसीआरएस ही दुसरी चौकट ठेवून ही सारणी लावू नका.

मात्र क्रॅबवरून ताऱ्याच्या पोटातलं काही कळत नाही, कारण त्याचे क्ष-किरण मुख्यतः ताऱ्याभोवतीच्या चुंबकावरणातून येतात. त्यासाठी जे००३०+०४५१सारखा न्यूट्रॉन तारा लागतो. त्याच्या पृष्ठभागावरचे तप्त डाग स्वतः चमकतात. गुरुत्वाने प्रकाश वाकतो, म्हणून डाग पलीकडे गेला तरी थोडा दिसत राहतो आणि स्पंद उथळ होतो. वस्तुमानाच्या मानाने त्रिज्या किती, ते या उथळपणात दडलेलं असतं. २०१९मध्ये दोन गटांनी याच ताऱ्याची त्रिज्या १२.७१ आणि १३.०२ किलोमीटर काढली. त्रुटी एखाद्या किलोमीटरची आहे, म्हणजे उत्तरं जुळतात. पुढे सूर्याच्या सुमारे २.०८ पट वस्तुमानाचा जे०७४०+६६२० हा न्यूट्रॉन ताराही १२-१३ किलोमीटरच्या घरातच निघाला. इतक्या वजनाखाली तारा दबत नसेल, तर गाभ्यातलं द्रव्य चांगलंच ताठ असणार. आमच्या मते सगळ्या संग्रहात सर्वांत मोलाचं हेच.

हे गणित कॉलेजच्या पीसीवर होणार नाही. एका गटाने जे००३०साठी सुमारे १९.४ लाख सेकंदांचा डेटा वापरला, शिवाय डागांचे आकार, अंतर, वस्तुमान सगळं एकदम जुळवावं लागतं, अनेक संगणक जोडलेला क्लस्टर हवाच. पीसीवर जमेल ते असं: क्रॅबचा स्पंद स्वतः काढा, आणि या गटांनी काढलेले वस्तुमान-त्रिज्येचे प्रकाशित नमुने झेनोडो या खुल्या डेटा-संकेतस्थळावरून उतरवून निरनिराळ्या अवस्था-समीकरणांच्या (द्रव्याच्या दाब-घनतेचं नातं सांगणाऱ्या सूत्रांच्या) वक्रांवर मांडा.